खुर्चीत बसायचं काम

सुमन जाऊन चौदा महिने झाले. आजार लिव्हरमध्ये निघाला आणि साडेतीन महिन्यांत सगळं आटोपलं. त्याआधी जवळजवळ तीन वर्षं ती चांगली होती. मला जे सांगायचं आहे ते त्या तीन वर्षांच्याही आधीचं, पंचवीस दिवसांचं आहे. आमच्या ओळीत दोन बिऱ्हाडं नवीन आली आहेत. त्यांच्या कानावर असं गेलंय की, इथला जालिंदर म्हातारा बायकोचं ऑपरेशन झाल्यावर तिला कामाला लावायचा आणि स्वतः खुर्चीत बसून बघायचा. हे खरं आहे. मी खुर्चीत बसायचो आणि ती काम करायची. पण ते तसं का होतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आमची ओळ म्हणजे भिंगारला एकाला एक लागून असलेली सहा घरं. समोर एकच लांब अंगण, अंगणात एकच नळ. मी चौतीस वर्षं लष्कराच्या पाणीपुरवठ्यात होतो. पंपावर व्हॉल्व्ह सोडायचे, बंद करायचे. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि इथे आलो. मुलगी रश्मी पुण्याला असते. तेव्हा तिला सातवा महिना चालू होता, म्हणून तिला बोलावता आलं नाही.

सुमनच्या डाव्या छातीत कॅन्सरची गाठ होती. अंघोळीच्या वेळी तिच्याच हाताला लागली. मला तिने बारा दिवसांनी सांगितलं. नगरच्या एका दवाखान्यात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ काढली, काखेतल्या बारीक गाठीही काढल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, आता जखम भरली की पाच आठवडे मशीनखाली शेक द्यायचा आणि मग पाच वर्षं गोळी.

वॉर्डमध्ये शुद्धीवर आल्यावर सुमनने आधी पाणी मागितलं आणि मग माझ्याकडून शब्द घेतला. हे कशाचं ऑपरेशन होतं ते कुणाला सांगायचं नाही. ओळीत नाही, विहारात नाही, जामखेडला तिच्या बहिणीला तर नाहीच. सांगायचं, गर्भपिशवी काढली.

मी विचारलं, ऑपरेशन पिशवीचं सांगितलं काय आणि छातीचं सांगितलं काय, फरक काय?

ती म्हणाली, "पिशवी म्हटलं की बाया विचारतात, कधी काढली. छाती म्हटलं की बघतात."

मी शब्द दिला.

आता आमच्या ओळीची एक रीत आहे. कुणाच्या घरात बाई आजारी पडली की बाकीच्या बाया तिचं काम वाटून घेतात. शेवटच्या घरातली मनकर्णाबाई ते वाटप करते. एकीकडे धुणं, एकीकडे भाकरी, एकीकडे भांडी. आजारी बाईने उठायचं नाही. उठली तर बाकीच्यांना कमीपणा. त्यात पिशवीचं ऑपरेशन म्हणजे त्यांच्या माहितीतलं. सहापैकी चार घरांतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या. सहा महिने बादली उचलायची नाही, वाकायचं नाही, हे त्यांना डॉक्टरपेक्षा चांगलं माहीत.

मीही काही कमी नव्हतो. तिला पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. ब्लाऊजची बाही मी चढवायचो. डावा हात दुखतो म्हणून ती तो पोटाशी धरून बसायची, तर मी त्याखाली उशी द्यायचो. दवाखान्यातून सुटताना हाताच्या व्यायामाचा एक कागद मिळाला होता. तो मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाईलला लावला. तो वाचायचाही असतो हे माझ्या लक्षात आलं नाही.

तीन फेब्रुवारीला शेकाचं माप घ्यायला गेलो. मशीनवरच्या माणसाने तिला आडवं झोपवलं आणि सांगितलं, डावा हात डोक्याच्या वर न्या आणि तसाच ठेवा. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्याने हळूच वर न्यायचा प्रयत्न केला. सुमन ओरडली नाही, पण तिच्या डोळ्यांतून दोन्ही बाजूंनी पाणी कानात गेलं. तो म्हणाला, जमणार नाही, हात किरणांच्या वाटेत येतो.

डॉक्टरांनी परत मापासाठी अठ्ठावीस तारीख दिली. सोमवार. त्याच्या पुढे ढकलणं चांगलं नाही म्हणाले. मी विचारलं, पुढे गेलं तर काय होईल? ते म्हणाले, तेच व्हायला नको म्हणून शेक द्यायचा आहे. मग आम्हाला खालच्या मजल्यावर लीना मॅडमकडे पाठवलं. त्या व्यायाम शिकवतात.

लीना मॅडमनी विचारलं, बाई दिवसभर काय करतात? मी सांगितलं, काही नाही, मी काही करूच देत नाही. तांब्याचं सांगितलं, बाहीचं सांगितलं, उशीचं सांगितलं. मला वाटलं, चांगलं म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका," त्या म्हणाल्या, "गाठ डॉक्टरांनी काढली. हात तुम्ही घालवलात."

मी प्लास्टिकच्या पिशवीतून तो कागद बाहेर काढला.

त्यांनी व्यायाम दाखवले. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथे दुखेल तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा, अजून थोडं चढायचं. दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्यावर न्यायची. दिवसातून तीन वेळा. शिवाय रोज सकाळी अर्धा तास चालायचं. आजारातून उठणाऱ्या माणसाने पडून राहिलं तर थकवा जास्त येतो, चाललं तर कमी येतो, असं त्या म्हणाल्या. मला ते उलटं वाटलं, पण आतापर्यंत मला सुलट वाटलेलं सगळं चुकलं होतं.

सुमनने दोन दिवस भिंत चढली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काम ना धाम, दोन्ही हात वर करून उभी राहते, मी काय चोर आहे?" आणि बंद केलं. मी समजावलं. तिने चौथीत कवायतीच्या तासाला मारलेली दांडी मला सविस्तर सांगितली. नुसता हात हलवायला तिला लाज वाटायची. तो कामासाठी हलला तर तिला चालायचं.

मी लीना मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, मग काम द्या. कपडे दोरीवर वाळत घालू दे, वरच्या फळीवरचे डबे काढू दे, ठेवू दे, कोळ्याची जाळी काढू दे. जड उचलायचं नाही, बादली तुम्ही न्या. पण बादली ठेवली की तुमचं काम संपलं. तिने हात वर केला पाहिजे आणि तुम्ही तो करू दिला पाहिजे. समोर बसा, बघा, उठू नका.

तर मी पाच तारखेपासून खुर्चीत बसायला लागलो.

सकाळी मी कपडे धुवायचो, आत मोरीत, म्हणून ते कुणाला दिसायचं नाही. पिळलेल्या कपड्यांची बादली अंगणात आणून ठेवायचो आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायचो. मग सुमन एकेक कपडा दोरीवर टाकायची. ती लबाड होती. उजव्या हाताने टाकायची आणि डावा नुसता सोबत न्यायची. म्हणून मला बोलावं लागायचं. मी म्हणायचो, "डावा." ती डाव्याने टाकायची. मी म्हणायचो, "अजून वर." एवढंच. पण अंगणात भांडी घासणाऱ्या बायांना रोज सकाळी तेवढंच ऐकू यायचं. पिशवी काढून महिना झालेली बाई दोरीशी उभी, आणि नवरा खुर्चीतून सांगतोय, डावा, अजून वर.

फिरायलाही आम्ही जायचो, किल्ल्याच्या दरवाजापर्यंत आणि परत. येताना ती अर्धा किलो भाजी घ्यायची आणि पिशवी उजव्या हातात धरायची. डाव्या हाताने ती चालताना खांद्याचा व्यायाम करायची, पण तो पदराखाली. मी मागून रिकाम्या हातांनी. समोरून येणारे जवान पळता पळता माझ्याकडे बघायचे.

पहिल्या दोन दिवसांत बायांना वाटलं, चुकून होत असेल. तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाईने दुरुस्ती केली. सुमन पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात तिने येऊन बादलीतले सगळे कपडे भराभर दोरीवर टाकले आणि माझ्याकडे न बघता गेली. मला प्रश्न पडला. सकाळचे पंधरा कपडे म्हणजे हात पंधरा वेळा वर. दुसरे कपडे नव्हते. मी उठलो, सगळे कपडे दोरीवरून काढले आणि परत बादलीत टाकले. मग खुर्चीत बसलो. वाळत घातलेलं धुणं काढून बायकोपुढे परत ठेवणारा माणूस ओळीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मनकर्णाबाई दारातून म्हणाली, "जालिंदरभाऊ, पंपावर पण असंच खुर्चीत बसायचात का?"

मी म्हटलं, तिथे स्टूल होतं.

त्यानंतर ओळीतलं माझ्याशी बोलणं कमी झालं. आमच्या शेजारी कल्याण राहतो, तो रिक्षा चालवतो. तो एरवी सकाळी चहा घ्यायला मला हाक मारायचा, ती बंद झाली. मीच टपरीवर गेलो तर म्हणाला, आमच्या घरात हल्ली तुमचं उदाहरण देतात. मी विचारलं, कसलं? तो म्हणाला, बायको देते, आणि चहा उभ्यानेच संपवून गेला.

सुमनला हे सगळं दिसत होतं. एकदा दुपारी तिला हसू आलं तेव्हा मी म्हटलं, निदान मनकर्णाला सांगू दे. हसू लगेच गेलं. ती म्हणाली, तुम्हाला चार शिव्या बसल्या तर तुमचं काय जातं? माझ्यावर बायांची ती नजर आयुष्यभर राहील, म्हणाली. मी विषय सोडला. तसं माझं काही जात नव्हतं. चौतीस वर्षं पाणी उशिरा सोडलं म्हणून मी रोज शिव्या खाल्ल्या होत्या.

हात मात्र सुटायला लागला होता. मी दोन-तीन दिवसांआड दोरी चार बोटं वर बांधायचो. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, मी बुटकी झाले की काय. मी म्हटलं, वयाप्रमाणे होतं. अठरा तारखेला लीना मॅडमनी बघितलं. हात कानाच्या वर जात होता, पण आडवं झोपून मागे टेकत नव्हता. अजून एक वीत हवी, म्हणाल्या. दहा दिवस आहेत, असंच चालू ठेवा, खंड पडू देऊ नका.

वीस तारखेला रविवारी दुपारी जामखेडची एसटी आली आणि रंगुबाई अक्का आल्या.

अक्का म्हणजे सुमनची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे सुमनला त्यांनीच वाढवलं. सुमन माझ्याशी भांडायची, रश्मीशी भांडायची, पण अक्कांच्या शब्दापुढे कधी गेलेली मी पाहिली नाही. अक्कांना मनकर्णाबाईने फोन केला होता. ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज पडली नाही. माझ्या खुर्चीकडे बघत त्या जय भीम म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या क्षणापासून सुमनचं उठणं बंद. अक्का धुणं टाकायच्या, डबे काढायच्या, भाकऱ्या थापायच्या. सुमनने पोळपाट जरी हातात घेतला तरी काढून घ्यायच्या. सकाळच्या फिरण्याला म्हणाल्या, पिशवी काढलेल्या बाईला किल्ला दाखवायचा काय अर्थ? माझ्याशी थेट बोलायच्या नाहीत. मी समोर असताना सुमनला सांगायच्या, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, गडी ठेव. बाई मिळायची न्हाई आता."

बुधवारी संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. सुमनला जामखेडला नेणार, दोन महिने. उद्या अकराची एसटी.

मी सुमनला मोरीजवळ गाठलं. ती म्हणाली, जाते आणि सोमवारच्या आत येते. मी म्हटलं, अक्कांच्या घरून चार दिवसांत कोण परत आलंय? सांग त्यांना, बहीणच आहे. तिने मान हलवली. अक्कांनाच ती सांगू शकत नव्हती. ज्यांनी तिला न्हाऊ घातलं त्यांनी तिथे बघावं, हे तिला नको होतं. मी तिला वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढायला सांगितला. हात खालच्या फळीपर्यंत गेला आणि तिथेच अडकला. चार दिवसांत एवढं मागे आलं होतं. तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, भूक नाहीये.

गुरुवारी सकाळी दहाला अक्कांची पिशवी आणि सुमनची पिशवी दारात ठेवलेली. अक्का अंगणात चप्पल घालत होत्या. नळावर मनकर्णाबाई आणि अजून चार जणी, सगळ्यांचं काम एकदम त्याच वेळी निघालेलं. कल्याण रिक्षा काढून उभा, स्टँडवर सोडायला. सुमन आत साडी बदलत होती.

मला वाटलं होतं, मी अक्कांना बाजूला घेऊन सांगेन. पण त्या बाजूला येणाऱ्या नव्हत्या आणि बाकीच्या हलणाऱ्या नव्हत्या. म्हणून तिथेच सांगितलं.

"अक्का, पिशवीचं ऑपरेशन झालेलं नाही. पिशवी जागेवर आहे. तिच्या डाव्या छातीत कॅन्सरची गाठ होती, ती काढली. काखेतल्या काढल्या. आता शेक द्यायचाय. त्याला हात डोक्याच्या वर जावा लागतो, तो जात नाही. सोमवारी गेला नाही तर मशीनवर घेणार नाहीत. मी तिला कामाला लावलं ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून."

एवढं सलग मी लग्नानंतर बोललो नव्हतो. नळ चालू होता आणि हंडा भरून वाहत होता. मी जाऊन नळ बंद केला.

अक्कांनी विचारलं, "कोंच्या बाजूला म्हनलात?"

"डाव्या."

"आन तिनं मला सांगितलं न्हाई."

"कुणालाच नाही. माझ्याकडून शब्द घेतला होता."

"मंग तुमी का सांगितलं?"

मी म्हटलं, सोमवार आहे म्हणून.

त्या चप्पल काढून आत गेल्या. दार लावलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, अजूनही नाही. बाहेर मनकर्णाबाई भांडी तशीच टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता माफी वगैरे मागेल. ती म्हणाली, "तीन आठवडे मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. एकदा तरी खाकरायचं होतं." मग कल्याणला रिक्षा बंद कर म्हणाली, पेट्रोल जळतंय.

अर्ध्या तासाने अक्का बाहेर आल्या. डोळे लाल होते. दारातल्या दोन्ही पिशव्या उचलून आत नेल्या आणि येताना खराट्याचा दांडा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, दाजी, तो कागुद कुठाय व्यायामाचा? मी फाईल दिली. त्यांना वाचता येत नाही, पण चित्रं होती.

त्या चार दिवसांत लीना मॅडमना जमलं नाही ते अक्कांनी करून घेतलं. दिवसातून तीन वेळा नाही, सहा वेळा. दांडा सुमनच्या दोन्ही हातांत, अक्का समोर. सुमनने चोराचं बोलून बघितलं. अक्का म्हणाल्या, "हायेस चोर. माझ्यापास्नं लपिवलं. कर वर हात." माझी खुर्चीही त्यांनी घेतली. मी ओट्यावर बसायचो.

ओळीने तिची रीत उलटी फिरवली. आजारी बाईचं काम वाटून घ्यायचं, त्याऐवजी सगळ्यांनी आपलं काम आजारी बाईकडे आणलं. मनकर्णाबाईने तसं वाटप केलं. सकाळी धुतलेले पिळे आमच्या दोरीशी, दुपारी कुणाची जाळी, कुणाचे वरच्या फळीचे डबे. कल्याणच्या घरातला माळा त्या आठवड्यात दोनदा लावला गेला. बघायचं कुणी बघत असेलही, पण ज्या बघत होत्या त्या हाताकडे बघत होत्या, कुठवर जातो ते. शनिवारी सुमन अक्कांना म्हणाली, या बाया माझ्या जिवावर फुकट धुणं वाळवून घेतायत.

हे ती अक्कांना म्हणाली. माझ्याशी ती गुरुवार सकाळपासून बोलत नव्हती. मीठ हवं असेल तर म्हणायची, अक्का, यांच्याकडे मीठ माग. अक्का माझ्याकडे मीठ मागायच्या. मी मीठ द्यायचो. मी एकदा समोर जाऊन म्हटलं, चुकलं माझं. तिने दांडा वर नेला आणि भिंतीकडे बघत राहिली. राग असला की तिचा हात जास्त वर जायचा हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मी परत माफी मागितली नाही.

सोमवारी कल्याणने रिक्षाने नेलं. अक्का घरी थांबल्या. या वेळी मशीनच्या खोलीत मला सोडलं नाही. बाहेर बाकावर बसलो. मागच्या वेळी आम्ही सात मिनिटांत बाहेर आलो होतो, ते मी घड्याळात बघितलं होतं. सात मिनिटं झाली. दहा झाली. दरवाजावर लाल दिवा लागला. मला लाल दिवा म्हणजे पंप बंद पडला, एवढंच माहीत. मी उठून उभा राहिलो. शेजारच्या बाईने सांगितलं, बसा, लाल म्हणजे काम चालू आहे. मी बसलो. पंचवीस मिनिटांनी तोच माणूस बाहेर आला आणि म्हणाला, झालं माप, खुणा केल्यात, पुसू नका, पुढच्या सोमवारपासून रोज यायचं. मी विचारलं, हात? तो म्हणाला, राहिला की. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

रिक्षात चांदणी चौक आला तेव्हा ती गुरुवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मनकर्णाला माहीत, अक्काला माहीत, आता कल्याणलाही माहीत असणार."

कल्याण पुढे बघत म्हणाला, "मला काही माहीत नाही, वहिनी."

"तुम्ही शब्द दिला होता," ती मला म्हणाली.

"दिला होता."

"मोडला."

"मोडला."

"हात वर गेला ते ठीक आहे. मशीनखाली मी आडवी झाले, सगळं झालं. पण हे मी विसरणार नाही."

मी म्हटलं, विसरू नकोस.

थोड्या वेळाने म्हणाली, उद्या अंगणात बसू नका. मी विचारलं, का, आता तर सगळ्यांना कळलंय. ती म्हणाली, तेच तर. बाया तुमच्याशी बोलायला लागल्यात, माझ्याशी कुणी बोलत नाही, नुसते कपडे आणून देतात.

पाच आठवडे शेक झाला. रोज येताना ती किल्ल्याशी उतरून घरापर्यंत चालत यायची. थकायची, पण यायची. नंतर तीन वर्षं तिने चालणं सोडलं नाही, दोरीही मी खाली आणली नाही. शेवटी लिव्हरचं निघालं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, चालवलं म्हणून झालं का, की त्या पहिल्या चार आठवड्यांत बसवलं म्हणून? ते म्हणाले, दोन्हीचा संबंध नाही. मी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही तेच सांगितलं.

आणि ती विसरली नाही. दर भांडणात काढायची. रश्मीचं बाळ रांगायला लागलं तेव्हा त्यालाही सांगितलं, आजोबांना काही सांगायचं नाही, ते ओळीत सांगतात. अगदी शेवटी दवाखान्यात नर्स माझ्याशी तिच्या तब्येतीचं बोलायला आली, तर डोळे मिटलेले असताना म्हणाली, त्यांना नका सांगू. नर्सला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतेय.

आता मी हे सगळं लिहून काढलंय. नव्या बिऱ्हाडांनी वाचावं, बाकी कुणी वाचलं तरी माझी हरकत नाही. कोणत्या बाजूला होतं तेही लिहिलंय. सुमन असती तर हे वाचून परत चार दिवस माझ्याशी बोलली नसती. अक्का, यांच्याकडे मीठ माग म्हणाली असती.

चार दिवस काही फार नाहीत.